सॉकेट शिकायचंय? आधी सॉकेटपेअर उघडा

सिस्टम्स प्रोग्रामिंगकडे वळलेली नवी मुलं सहसा थेट टीसीपी सर्व्हर लिहायला बसतात. बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, दुसऱ्या टर्मिनलमध्ये क्लायंट, त्यात मध्येच "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज". नेमकं काय बिघडलं हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. माझ्या हाताखाली कोणी शिकायला आलं की मी सॉकेटपेअरपासून सुरुवात करायला लावते.

सॉकेटपेअर हा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी) १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आला. तो एकमेकांना आधीच जोडलेली दोन सॉकेट, म्हणजे संवादाची दोन टोकं, हातात देतो. पत्ता नको, पोर्ट नको, नेटवर्कही नको. डोमेन, प्रकार, प्रोटोकॉल आणि दोन इंटिजरांचा ॲरे एवढंच द्यायचं. एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्या टोकाला वाचता येतं आणि उलटही. लिनक्सच्या पाइपमध्ये ही सोय नाही, तिथे दिशा एकच. डोमेन मात्र एएफ-युनिक्स (एकाच मशीनवरचा संवाद) द्या. लिनक्सवर एएफ-आयनेट (इंटरनेटचं डोमेन) दिलंत तर कॉल फसल्याची खूण म्हणून उणे एक परत येईल आणि एररनोमध्ये, म्हणजे चुकीचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ईऑपनॉटसप (ही सोय नाही) दिसेल.

हा उणे एक नीट हाताळणं हीच या कामातली खरी विद्या आहे असं मी मानते. एररनो कधी बघायचा? कॉल फसला तेव्हाच. कॉल यशस्वी झाला म्हणून एररनो शून्य होत नाही, आधीच्या एखाद्या चुकीचा आकडा तिथे तसाच पडून असू शकतो. आणि कॉल फसल्यावर मध्ये एखादा प्रिंटएफ घातलात तर तोही एररनो बदलू शकतो. म्हणून फसल्याबरोबर पहिल्याच ओळीत तो आकडा एका लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा, लॉगिंग नंतर.

आता मुद्दाम चूक घडवा. सबशेलमध्ये यूलिमिटने उघड्या फाइल्सची मर्यादा ४ करा आणि प्रोग्राम चालवा. ०, १, २ हे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल किंवा सॉकेटचे क्रमांक) इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले, उरला फक्त ३, आणि सॉकेटपेअरला तर दोन लागतात. मग मिळतो ईएमफाइल, म्हणजे या प्रोसेसची मर्यादा संपली; लिनक्सवर आकडा २४. ईएनफाइल वेगळा, तो सगळ्या मशीनची मर्यादा संपल्याचं सांगतो. चालू सर्व्हरवर ईएमफाइल दिसला की मर्यादा वाढवायची घाई करू नका. आधी प्रॉकमध्ये (कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो ती डिरेक्टरी) त्या प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीत काय काय उघडं आहे ते बघा. बऱ्याचदा कुठेतरी क्लोज राहून गेलेलं असतं.

प्रत्येक एररला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: आता पुढची हालचाल कोणी करायची? ईफॉल्ट (चुकीचा मेमरी पत्ता) किंवा ईएएफनोसपोर्ट (न चालणारं डोमेन) आला तर कोड दुरुस्त करायचा, पुन्हा प्रयत्न करून काहीच होणार नाही. रीडमधून ईइंटर आला तर सिग्नलने कॉल मध्येच तोडलाय, पुन्हा करा. ईअगेन (आत्ता जमत नाही, नंतर या) आला तर पोलमध्ये, म्हणजे सॉकेट तयार होईपर्यंत वाट बघणाऱ्या कॉलमध्ये, थांबा.

सगळ्यात जास्त वेळ द्या फोर्कला, म्हणजे चालू प्रोसेसची (पॅरेंटची) प्रत (चाइल्ड) काढणाऱ्या कॉलला. फोर्कनंतर दोन्ही डिस्क्रिप्टर पॅरेंटकडेही असतात आणि चाइल्डकडेही, म्हणजे प्रत्येक टोकाचे दोन धनी. पॅरेंटने शून्य क्रमांकाचं टोक ठेवायचं आणि एक क्रमांकाचं बंद करायचं, चाइल्डने उलट. हे बंद करणं राहिलं तर प्रोग्राम आधी अगदी छान चालतो. मग चाइल्ड संपतो, आणि पॅरेंट रीडमध्ये कायमचा अडकतो. कारण दुसरं टोक अजून उघडंच आहे, खुद्द पॅरेंटच्याच हातात. कर्नलच्या दृष्टीने लिहिणारा जिवंत आहे, मग तो शून्य, म्हणजे फाइल संपली, असं सांगणार कसं? एस्ट्रेस (प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावून हा अडकलेला रीड एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

चाइल्ड एक्झेक करणार असेल, म्हणजे स्वतःच्या जागी नवा प्रोग्राम चालवणार असेल, तर प्रकारासोबत सॉक-क्लोएक्झेक हा झेंडाही (फ्लॅग) द्या (लिनक्स २.६.२७पासून आहे), म्हणजे नको ते डिस्क्रिप्टर नव्या प्रोग्रामकडे जात नाहीत. जे टोक त्याला द्यायचंय ते डुप२ने (डिस्क्रिप्टरची प्रत हव्या त्या क्रमांकावर करणारा कॉल) ० किंवा १वर आणा. डुप२ने केलेल्या प्रतीवर तो झेंडा राहत नाही.

समोरचं टोक बंद झाल्यावर लिहिलंत तर सिगपाइप हा सिग्नल (क्रमांक १३) येतो आणि प्रोसेस एकही संदेश न देता मरते. शेलमध्ये एक्झिट कोड १४१ दिसला, म्हणजे १२८ अधिक १३, तर तो हाच. सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या, मग सिग्नलऐवजी ईपाइप हा एरर मिळेल आणि तो तुम्हाला हाताळता येईल.

क्लोजचं वागणं वेगळं आहे. लिनक्सवर क्लोजने ईइंटर दिला तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. तिथे पुन्हा क्लोज केलंत तर तोच आकडा एव्हाना मिळालेल्या दुसऱ्या थ्रेडची फाइल बंद व्हायची.

मुलाखतीत मी हाच पॅरेंट-चाइल्ड प्रोग्राम लिहायला सांगते आणि मग विचारते, चाइल्डला किल-नाइन केलं (जबरदस्तीने मारलं) तर पॅरेंटच्या रीडला काय मिळेल? "शून्य" हे उत्तर बरेच जण देतात, आणि टोकं नीट बंद केली असतील तर ते बरोबरही आहे. पण पॅरेंटने पाठवलेला डेटा चाइल्डने न वाचताच जीव सोडला असेल, तर लिनक्सवर त्याच रीडला उणे एक आणि ईकॉनरीसेट (जोडणी समोरून तुटली) मिळतो. दोन्ही प्रकार आज घरी करून बघा. पन्नासेक ओळींचा सी प्रोग्राम पुरतो.