गाडीच्या दारातून शिट्टी येते तेव्हा

आम्ही पारोळ्याचे. आईला दर महिन्याला तपासणीसाठी जळगावला न्यावं लागतं. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. माझ्या शेजारी बसली की तिचा चांगला कान नेमका दाराकडे येतो, आणि त्याच दारातून एरंडोल सोडल्यावर, काटा ८० च्या वर गेला की, बारीक शिट्टी सुरू व्हायची. मी काही बोललो की ती म्हणायची, "काय म्हनी राह्यना रे?" दोन-तीनदा विचारून मग गप्प बसायची. ते मला फार लागलं. म्हणून एका रविवारी दारच हाती घेतलं.

दाराचं रबर विकत आणायची घाई करू नका, आधी आवाजाची जागा शोधा. एसीचा ब्लोअर आणि गाणी बंद करा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हवेचा आवाज वेगाबरोबर चढतो आणि शेजारून ट्रक गेला की क्षणभर वेगळा होतो. मग रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. डाव्या दाराची फट बाहेरून सगळीकडून टेपने बंद करा, आरशाच्या बुडाशी असलेला तिकोनाही झाका, आणि हायवेला फेरी मारा. शिट्टी थांबली, तर गाडी बाजूला घेऊन एकेक तुकडा काढत जा. आरशाजवळची टेप काढली तेव्हा मला काहीच फरक जाणवला नाही. वरच्या पुढच्या कोपऱ्यातली वीतभर टेप काढली आणि शिट्टी परत आली. टेप मात्र उन्हात तशीच ठेवू नका, चिकटा रंगावर बसतो.

आता कागदाची पट्टी. दारात अडकवून दार लावा आणि हळू ओढा. वीत-वीत अंतरावर हे करत जा, आणि चांगल्या दाराशी ताडून बघा. माझ्या कोपऱ्यात पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. वेगात बाहेर हवेचा दाब कमी होतो आणि दाराची चौकट किंचित बाहेर ओढली जाते. त्यामुळे गावात न वाजणारं दार हायवेला वाजतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, त्यात काळ्या मातीची धूळ. बीडिंग, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीची रबरी पट्टी, कडक होते, चपटी होते, कधी नुसतीच जागेवरून सरकते. सरकली असेल तर फुकटात काम होतं. बीडिंग ओढून काढा, पत्र्याच्या कडेवरची माती आणि बीडिंगची खाच साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. खाचेतली लोखंडी पट्टी सैल झाली असेल तर पकडीने अगदी हलकी दाबा, मग अंगठ्याने परत बसवा. फडक्यावर सिलिकॉन स्प्रे घेऊन रबराला पुसा. ऑइल, डिझेल, ग्रीस लावू नका. हे रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, तेलाने फुगतं.

माझी बीडिंग कोपऱ्यात पार चपटी झाली होती. शेजारच्या काकांनी बीडिंगच्या पोकळीत ठिबकची बारीक नळी सारायला सांगितलं. शेतकऱ्याच्या घरी ती असतेच. पण ती कडक असते, दार लागेना. दाबलं की दबणारं आणि सोडलं की परत वर येणारं रबरच इथे हवं. माशांच्या टाकीची मऊ सिलिकॉन नळी तात्पुरती चालते, तरी मी शेवटी त्याच मॉडेलची, त्याच दाराची नवी बीडिंग आणली. मीटरवर मिळणारी जाड बीडिंग घेऊ नका, एका फटीचं काम करताना दुसरीकडे दार उचलतं.

बसवताना आधी कोपरे, मग मधला भाग, आणि सांधा खालच्या बाजूला. ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि कोपराच सुटतो. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती कशानेही बुजवू नका. पाणी साचून पत्रा गंजतो.

रबर नवं असूनही कागदाची पट्टी सैल निघाली, तर दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. हलत असेल तर बिजागरी झिजली आहे, ते डेंटरचं काम. हलत नसेल, तर खांबावरच्या ज्या कडीत लॉक अडकतं तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, स्क्रू थोडे ढिले करा, कडी आत १ मिलिमीटर सरकवा, पक्कं आवळा. जास्त नको. दार गाडीच्या अंगाशी एका पातळीत राहिलं पाहिजे.

नवी बीडिंग पहिले काही दिवस दाराला जोर लावायला लावते. आईच्या हाताने दार लागेना, तेव्हा आठवडाभर मी उतरून तिच्या बाजूला जायचो आणि लावून द्यायचो. बांभोरीच्या पुलावर गिरणेला किती पाणी आहे, हे तिने विचारलं आणि माझं उत्तर तिला पहिल्यांदाच ऐकू गेलं.