गढूळ पाण्यात हाताने सिलिंडर ओळखताना

खोल डायव्हिंगमध्ये डिकंप्रेशनसाठी (वर येताना थांबे घेऊन शरीरात साठलेला वायू बाहेर टाकण्यासाठी) दोन सिलिंडर नेताना 50 टक्के नायट्रॉक्स (निम्मा ऑक्सिजन असलेले मिश्रण) 22 मीटरपर्यंत चालतो, शुद्ध ऑक्सिजन फक्त 6 मीटरपर्यंत. 21 मीटरवर चुकून ऑक्सिजन तोंडात गेला तर त्याचा आंशिक दाब (श्वासातल्या त्या एका वायूचा दाब) 3.1 बार होतो. इतक्या दाबाला झटके येऊ शकतात, मग माउथपीस सुटतो आणि माणूस बुडतो.

म्हणून खुणा किनाऱ्यावरच करा. सायकलच्या ट्यूबचे बोटभर रुंद तुकडे कापा. 50 टक्क्यांसाठी एक कडे, ऑक्सिजनसाठी दोन. तीच खूण सेकंड स्टेजजवळच्या (तोंडात धरायच्या भागाजवळच्या) होजवर, म्हणजे नळीवर, आणि सिलिंडरच्या मानेवरही हवी. नुसत्या सिलिंडरवर असेल तर हातातला माउथपीस कोणत्या सिलिंडरचा, हे कळत नाही. खरा घोटाळा इथेच होतो. जाड हातमोज्यांत बारीक खुणा जाणवत नाहीत, तेव्हा मोजे घालूनच चाचपून पाहा. खुणांचा अर्थ जोडीदारालाही सांगा.

पाण्यात आधी खोली तपासा. मानेवरची कडी मोजा, व्हॉल्व्ह उघडा आणि तिथून होजवरून हात न उचलता सेकंड स्टेजपर्यंत जा. मध्येच हात सुटला तर पुन्हा व्हॉल्व्हपासून. तिथली कडी जुळली, की सिलिंडरवर लिहिलेला कमाल खोलीचा आकडा मास्कला टेकवून टॉर्चच्या उजेडात वाचा. जोडीदाराकडूनही तपासून घ्या. स्पर्श ही जास्तीची खात्री आहे, लेबलची जागा घेणारी नव्हे.

काहीच जुळत नसेल तर वायू बदलू नका. पाठीवरच्या मुख्य सिलिंडरच्या वायूवर राहा आणि त्यानुसार थांबे वाढवा. तेवढा साठा आधीच धरलेला असावा.