विजेचा वापर खरोखर कमी करायचा, तर सुरुवात मीटरपासून

बिल वाढलं की आपण घरात दिवे बंद करत फिरतो. पण एलईडीच्या जमान्यात दिव्यांचा वाटा फार लहान उरला आहे. ९ वॉटचा बल्ब रोज ६ तास जळला तरी महिन्याला जेमतेम १.६ युनिट होतं. वीज कुठे जाते हे ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: उपकरण किती वॉटचं आहे आणि ते किती तास चालतं. यातल्या तासांकडे आपलं लक्ष जात नाही.

आधी मोजा

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला दिसेल. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. रात्री झोपताना बंद करता ती घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचंही. मग मोबाईलच्या घड्याळावर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलेलं उत्तर म्हणजे त्या क्षणी ओढले जाणारे वॉट. १६०० च्या मीटरला २२५० ला भागायचं.

समजा, सगळं 'बंद' असताना दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकतोय. म्हणजे २५ वॉट कुठेतरी चालूच आहेत, आणि ते महिनाभर अखंड चालले तर १८ युनिटं होतात. बहुतेक वेळा हा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, रिमोटने बंद केलेला टीव्ही किंवा इन्व्हर्टर असतो. एकेक प्लग काढत गेलात की नेमका कोण ते कळतं. घराचा मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटरमध्ये किंवा मीटर आणि मेन स्विचच्या मधल्या वायरिंगमध्ये गडबड असू शकते. तिथे स्वतः हात घालू नका, वायरमनला बोलवा.

आता फ्रिज, पंखा, टीव्ही एकेक करून सुरू करा आणि आकडे कागदावर लिहा. अर्ध्या तासात घराचा पूर्ण हिशेब हातात येतो. बिलावरचा मागच्या महिन्यांचा वापरही शेजारी मांडा. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

पंखे

एसी नसलेल्या घरात सर्वात जास्त वीज बहुधा पंखेच खातात, आणि हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास असतो. तो रोज १५ तास फिरला तर महिन्याला सुमारे ३४ युनिटं होतात. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, पूर्ण वेगात साधारण ३० वॉट घेतो, म्हणजे साडेतेरा युनिटं. एका पंख्यामागे महिना २० युनिटं वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. ज्या खोलीत पंखा सर्वात जास्त तास चालतो, तिथला आधी बदला. बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडणी करून घ्या, कारण रेग्युलेटरवर हे पंखे बिघडू शकतात. जुना पंखा ठेवायचाच असेल, तर निदान तो मोठा, गरम होणारा डबा-रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक बसवा. डब्यात पंख्याचा वेग कमी होतो, पण वाचलेली बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते.

घर तापू न देणं

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी होळीच्या आधी गच्ची पांढरी करावी. चुन्याचा दाट हात, त्यात पकड यावी म्हणून थोडं फेविकॉल. हे सगळ्यात स्वस्त काम आहे, पण पावसात धुऊन जातं म्हणून दर उन्हाळ्याआधी करावं लागतं. सोसायटी असेल तर समितीला विचारून करा. टिकाऊ हवं असेल तर उष्णतारोधक पांढरा रंग मिळतो.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. ते बाहेरच अडवा. बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट पुरते.

विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना १५०० वॉटच्या आसपास ओढतो, कूलर साधारण २००. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल साचून घुसमट होते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत मात्र कूलर निरुपयोगी ठरतो. तिथे एसी २६ वर ठेवा, सोबत पंखा हळू चालवा आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

गिझर आणि फ्रिज

बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला साधारण ०.४ युनिट लागतं. चौघांच्या घरात महिन्याला ४८ युनिटं होतात. गिझर दिवसभर चालू ठेवला तर त्यावर आणखी भर पडते, म्हणून अंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवरचे क्षार वर्षातून एकदा साफ करून घ्या. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलायची वेळ झाली आहे.

सोलर सगळ्यात शेवटी

आधी वापर कमी करा, मग पॅनल लावा. नाहीतर जुन्या पंख्यांसाठीही पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. १ किलोवॉटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिटं मिळतात, पावसाळ्यात कमी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे. पंखे बदलल्यानंतरची काही महिन्यांची बिलं हाती येऊ द्या, त्यात उन्हाळ्याचे महिने हवेतच. मासिक सरासरीला १२० ने भागा. तेवढे किलोवॉट पुरतात, विक्रेता कितीही मोठं पॅकेज सुचवो.