गडचिरोलीहून लंडनचं विमान पकडायचं असेल तर

आधी तिकिटावरची तारीख बघा. १२ नोव्हेंबर, ०२:१० असं लिहिलं असेल तर ती ११ तारखेची रात्र आहे. मुंबईला १२ च्या रात्री पोचलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. मागल्या वेळी इथेच घोळ झाला, म्हणून घरच्या कॅलेंडरवर ११ ला लाल गोल करा आणि गाडीवाल्यालाही ११ च सांगा. धान कापणीच्या दिवसांत ड्रायव्हर लवकर मिळत नाही, आठ दिवस आधी बोलून ठेवा.

पासपोर्ट, व्हिसा सांगायला नको.

आता उलटं मोजा. ०२:१० चं विमान म्हणजे मुंबईत रात्री अकराला हजर. नागपूर-मुंबई दीड तासाचं उड्डाण. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान मुंबईत उतरवून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून मध्ये पाच-सहा तास ठेवाच. नागपूरहून संध्याकाळी सहाचं घ्या, सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, चारला पोचा. ब्रह्मपुरी-नागभीड-उमरेड रस्त्याने चार तास धरले, वर दोन तास पंक्चर-जेवणाचे, तर सकाळी दहाला घर सोडा. कोणत्या तारखेला? ११. आणि मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नागपूरचं विमान नवी मुंबईला उतरून लंडनचं जुन्या विमानतळावरून, सहारहून असेल, तर मधलं अंतर तुमच्याच अंगावर.

उड्डाणाचा वेळ वजाबाकीने काढू नका. ०२:१० ला निघून ०६:४० ला उतरतं, म्हणजे साडेचार तास नाहीत, दहा तास. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार. अंतर ७,२०० किलोमीटर, ताशी ९०० ने आठ तास व्हायला हवेत. पण जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, वाटही सरळ मिळत नाही. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून नऊ तासांच्या आसपास. परतीची तारीखही तपासा: रात्री नऊला निघालात तर दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. नागपूरचं पुढचं तिकीट त्या दुसऱ्या दिवसाचं हवं. पुन्हा सांगतो, दुसऱ्या दिवसाचं.

बॅगेचं वजन घरीच करा. लोणचं मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या. तिकडे तीन चौकोनी पिनांचं सॉकेट, ॲडाप्टर घ्या. स्वेटर हाताशी.

आणि ११ तारीख. ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळी, म्हणजे १० ला, पुन्हा फोन करा.