पेशी लहान दिसली म्हणजे मार्ग अडला असं नाही

हृदयस्नायूच्या पेशींची वाढ रोखण्यावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कॅल्सिन्युरिन-एनफॅट, ईआरके, पीआय३के-एकेटी हे पेशीला वाढीचा संदेश पोचवणारे प्रथिनांचे मार्ग तुम्हाला माहीत असणारच, ते इथे उगाळत नाही.

पेशींची वाढ चेतवणारं फिनाइलएफ्रिन दिलं, पेशी फुगल्या. सोबत इनहिबिटर, म्हणजे मार्ग अडवणारं रसायन दिलं, फुगल्या नाहीत. झालं, मार्ग सापडला असं वाटतं, आणि इथेच घात होतो. डोस जास्त झाला तर मरणपंथाला लागलेली पेशीही आकसते, आणि नुसतं क्षेत्रफळ मोजलं तर ती वाचवलेल्या पेशीसारखीच भरते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अल्फा-ॲक्टिनिन या स्नायूतल्या प्रथिनाला दिलेल्या रंगात निरोगी पेशीचे पट्टे आखल्यासारखे दिसतात, आजारी पेशीत ते विस्कटतात. तेव्हा नुसत्या इनहिबिटरची प्लेट हवीच, नुसत्या डीएमएसओची (इनहिबिटर ज्यात विरघळवतो तो द्रव) हवी आणि मीडियात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात, किती एलडीएच (इजा झालेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम) सुटलं तेही मोजायला हवं. शिवाय मार्ग खरंच अडला का, ते वेगळं दाखवा: ईआरकेचं फॉस्फोरिलेशन, म्हणजे ते चालू असल्याची खूण, उतरलं का, कॅल्सिन्युरिन अडवणारं सायक्लोस्पोरिन दिल्यावर एनफॅट केंद्रकाबाहेर राहिला का.

बाटलीवरच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. एलवाय२९४००२ हा पीआय३केचा इनहिबिटर, पण तो एमटॉर या वाढीच्या दुसऱ्या प्रथिनालाही दाबतो. कॅमकेटू हे कॅल्शियममुळे चालू होणारं एन्झाइम अडवायला केएन-९३ वापरतात आणि कंट्रोल म्हणून त्याचा निष्क्रिय जोडीदार केएन-९२. पण पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट, म्हणजे एल-टाइप कॅल्शियम चॅनेल, दोघंही रोखतात. मग वाढ थांबली ती कॅमकेटूमुळे, की कॅल्शियमच आत शिरलं नाही म्हणून? एकाच रसायनावर प्रबंध उभा करू नये, या मतावर मी ठाम आहे. एसआयआरएनएने, म्हणजे ते प्रथिन बनणंच रोखून, तेच दिसलं तर बोला. गाईड आलेखासाठी घाई करत असतील तरी हे सोडू नका. नंतर परीक्षकासमोर उभं तुम्हालाच राहायचंय.

सुरुवातीला कंट्रोलच फुगलेला दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा मीडियात सीरम उरलेलं असतं किंवा फायब्रोब्लास्ट (हृदयातल्या स्नायू नसलेल्या पेशी) जास्त झालेले असतात. प्री-प्लेटिंगला, म्हणजे ते आधी प्लेटला चिकटू देऊन वेगळे काढायला, पुरेसा वेळ द्या, हात बसतो. निकाल उलटसुलट आले तरी खचू नका. १९९८ मध्ये कॅल्सिन्युरिनचा मार्ग पुढे आला, त्यानंतर सायक्लोस्पोरिन देऊन दाबभाराचे, म्हणजे हृदयावर रक्तदाबाचा ताण वाढवण्याचे, प्रयोग झाले, तर मुरलेल्या प्रयोगशाळांचेही निकाल जुळले नाहीत.

आणि पेशीची लांबी-रुंदी वेगवेगळी मोजा. उंदरांच्या हृदयातून ईआरके१ आणि ईआरके२ दोन्ही काढले, तेव्हा वाढ थांबली नाही, पेशी लांबट झाल्या. क्षेत्रफळाच्या एका आकड्यात हे दिसणारच नाही.