व्हीलचेअर खेळाडूंनी सप्लिमेंट निवडायचं कसं?

सप्लिमेंटच्या डब्यावर छापलेला डोस बहुतेक वेळा चालत्या-धावत्या माणसांवर झालेल्या प्रयोगांतून आलेला असतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूचं शरीर त्या हिशेबात बसत नाही. पायांचे स्नायू घटलेले असतात, आतडी संथ चालतात आणि इजेच्या खालच्या भागाला घाम कमी येतो किंवा येतच नाही. पोलिओ झालेल्या किंवा पाय गमावलेल्या खेळाडूचं गणित आणखी निराळं. म्हणून डबा उघडायच्या आधी थोडी तयारी लागते.

१. स्वतःची नोंद करा

इजा कोणत्या मणक्याला, पूर्ण की अपूर्ण, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, हे लिहून काढा. छातीचा सहावा मणका ही महत्त्वाची सीमा आहे. त्याला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांवरचं नियंत्रण बिघडलेलं असू शकतं. वजनही नीट घ्या: खुर्चीसकट काट्यावर जा, मग रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. काही डोस किलोमागे ठरतात, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

२. रक्त तपासा

सप्लिमेंटचा सगळ्यात खात्रीचा उपयोग कमतरता भरून काढण्यासाठी होतो. घरात किंवा हॉलमध्ये सराव करणाऱ्या व्हीलचेअर खेळाडूंमध्ये ड जीवनसत्त्व कमी असणं नेहमीचंच. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात खेळाडूंना १२ आठवडे रोज ६००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व दिल्यावर रक्तातली पातळी वाढली. पण प्रौढांसाठीची नेहमीची वरची मर्यादा ४००० आययू आहे, तेव्हा हा आकडा डॉक्टरांना न विचारता उचलू नका. लोहाचंही तसंच. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, पाहिल्याशिवाय लोहाची गोळी घेतली आणि पोट बांधलं गेलं, की आधीच संथ असलेल्या आतड्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

३. ताटाकडे पाहा

उष्मांकांची गरज कमी असते, म्हणून जेवणही कमी होतं आणि त्याबरोबर जीवनसत्त्वं, क्षारही. पावडरीआधी हे सुधारा. व्यायामानंतर २० ते २५ ग्रॅम प्रथिनं पुरतात, ती ताटातून मिळत असतील तर पावडर कशाला? स्पर्धा तासाभरापेक्षा लांब असेल, तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. अडचण एवढीच, की रेसिंग खुर्चीत दोन्ही हात ढकलण्यात गुंतलेले असतात. तेव्हा पेयाची नळीवाली पिशवी आधीच बांधून सरावात वापरून बघा.

४. आता कामगिरीसाठीची सप्लिमेंट

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. आधी कॅफिनचं बघू. किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस. मात्र १५०० मीटरच्या व्हीलचेअर शर्यतीत किलोमागे ६ मिलिग्रॅमने वेळ सुधारली नाही, असं एका अभ्यासात दिसलं. मानेच्या पातळीवर इजा असेल, तर अॅड्रेनालिनचा प्रतिसाद मंदावलेला असतो आणि कॅफिन रक्तात चढण्याचा वेळही वेगळा असू शकतो. त्यात ते मूत्राशयाला डिवचतं. स्पर्धेच्या मध्ये कॅथेटरची (लघवीच्या नळीची) आठवण येणं कोणालाच नको असतं, आणि त्या भीतीने पाणी कमी पिणं तर कॅफिनपेक्षाही वाईट. सुरुवात किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास करा.

क्रिएटिनचा ८०० मीटरच्या व्हीलचेअर शर्यतीत फायदा दिसला नव्हता, जरी त्या अभ्यासात खेळाडू मोजकेच होते. त्याने शरीरात साठणाऱ्या पाण्यामुळे वाढणारं किलो-दीड किलो वजन तुम्हालाच ढकलायचं असतं. शिवाय क्रिएटिन रक्तातलं क्रिएटिनिन वाढवू शकतं, आणि मूत्रपिंडाचं काम त्याच्यावरूनच मोजतात. स्नायू कमी असल्याने तुमचं क्रिएटिनिन मुळात खालीच असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा अंदाज चुकतो. डॉक्टरांना त्याऐवजी सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी न अवलंबणारी मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासता येईल का, ते विचारा.

बीटच्या रसातलं नायट्रेट रक्तदाब उतरवू शकतं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल आणि मुळातच रक्तदाब कमी राहत असेल, तर मी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करणार नाही. खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) पोटाचे हाल करतो, तो आतड्यांचा त्रास असणाऱ्यांनी सोडूनच द्यावा.

५. एका वेळी एकच, सरावात

रोलरवर (खुर्ची जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) किंवा त्याच ट्रॅकवर, त्याच टायरदाबाने, त्याच हातमोज्यांनी, घेऊन आणि न घेता किमान तीन-तीन वेळा वेळ नोंदवा. टायरमधली हवा उतरली तर पावडरीने मिळेल तेवढा फरक तिथेच वाया जातो. शक्य असल्यास कोणत्या दिवशी खरं आणि कोणत्या दिवशी नकली, हे मित्राला ठरवू द्या. झोप, लघवी, शौच आणि स्नायूंचे झटके यांचीही नोंद ठेवा.

६. डोपिंगचा धोका

शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ते कसं आलं याची जबाबदारी खेळाडूची, डबा बनवणाऱ्याची नाही. कॅफिनवर सध्या बंदी नाही, ते फक्त निरीक्षणाखाली आहे. पण कोणतीही वस्तू बॅचनिहाय तपासलेलीच घ्या, बॅच क्रमांकाचा फोटो काढा आणि थोडी पावडर बंद पाकिटात राखून ठेवा. मुद्दाम वेदना देऊन किंवा मूत्राशय भरून ठेवून रक्तदाब चढवण्याची युक्ती, म्हणजे 'बूस्टिंग', पॅरालिम्पिक नियमांत बंद आहे. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डोकं अचानक ठणकलं, चेहरा लाल झाला, तर ती रक्तदाब चढल्याची खूण समजून ताठ बसा, कॅथेटर मोकळा करा आणि लगेच मदत बोलवा.