काउंटीचं हर्लिंग जोखायचं तर पॅरिशपासून सुरुवात करा

हर्लिंग म्हणजे लाकडी काठी आणि छोट्या चेंडूने खेळायचा आयरिश मैदानी खेळ. आयर्लंडमधल्या एखाद्या काउंटीचा (जिल्ह्यासारखा विभाग) हर्लिंग संघ किती दमदार आहे, हे ठरवायला बहुतेक जण ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधल्या सर्वोच्च स्पर्धेची, विजेतेपदं मोजतात. किल्केनीची ३६, कॉर्कची ३०. पण त्यातून गेलेला काळ कळतो. पुढचा अंदाज हवा असेल तर चर्चच्या हद्दीपर्यंत, म्हणजे पॅरिशपर्यंत उतरावं लागतं.

आधी नकाशा घ्या. प्रत्येक क्लबासमोर नोंद करा: हर्लिंग, गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा दुसरा देशी खेळ, पुढे नुसतं फुटबॉल) की दोन्ही. काउंटी एकसंध नसते हे लगेच दिसेल. कॉर्कमध्ये हर्लिंगचा जोर पूर्वेला आणि फुटबॉलचा पश्चिमेला. गॉलवेत हर्लिंग दक्षिण आणि पूर्व भागात. डाउनमध्ये तर ते मुख्यतः आर्ड्स द्वीपकल्पावर एकवटलंय. म्हणून काउंटीची एकूण लोकसंख्या हाताशी धरलीत तर गणित चुकेल. फक्त हर्लिंगच्या पट्ट्यातली माणसं मोजा. दोन्ही खेळ खेळणाऱ्या क्लबात तीच पोरं दोन्हीकडे धावतात, तेव्हा त्यांना पूर्ण धरू नका.

मग मुलं मोजा. किल्केनीसारख्या ठिकाणी पॅरिशचा नियम आहे: खेळाडूने आपल्याच पॅरिशच्या क्लबाकडून खेळायचं. बाहेरून भरती नाही, त्यामुळे शाळेतला पट हाच क्लबाचा साठा. मैदानावर १५ लागतात. दोन-दोन वर्षांचे वयोगट पाडा. एखाद्या गटात १५ मुलंही भरत नसतील तर क्लब शेजाऱ्यासोबत जोडसंघ काढतो. इथेच फसगत होते. जोडसंघाने कुमार गटात चषक जिंकला, तरी मोठेपणी ती मुलं आपापल्या क्लबात परततात आणि दोन्हीकडे माणसं कमीच पडतात.

क्लबांच्या श्रेण्याही बघा, वरून खाली: सीनियर, इंटरमीडिएट, ज्युनियर. या दर्जाच्या, वयाच्या नव्हेत. किल्केनीत सीनियरमध्ये १२च क्लब, त्यामुळे वर टिकणं सोपं नाही. वरच्या श्रेणीत क्लबांची गर्दी केली की एकतर्फी सामने वाढतात. कॉर्कने वेगळी वाट काढली: खालच्या श्रेणीतल्या क्लबांचे खेळाडू विभागीय संघातून सीनियर स्पर्धेत उतरतात. इमोकिली हा असाच संघ, २०१७ ते २०१९ सलग तीनदा कॉर्कचा विजेता. छोट्या गावातला गुणी पोरगा निवडकर्त्यांच्या नजरेत येतो तो असा.

शेवटी काउंटीच्या सामन्यासाठीची २६ जणांची यादी घ्या आणि प्रत्येकाचा क्लब लिहा. बारा-पंधरा क्लबांतून माणसं आली असतील तर दोघंतिघं जायबंदी झाले तरी संघ उभा राहतो. एकट्या क्लबाच्या बळावर काउंटी उभी राहतेच असं नाही. १८८७ च्या पहिल्या ऑल-आयर्लंडमध्ये विजेता क्लबच काउंटीचा संघ होता. टिपररीतर्फे थर्ल्स खेळलं. आता ते दिवस गेले. डब्लिनच्या क्वाला क्लबाने २०१७ आणि २०१८ मध्ये ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली, पण डब्लिनचं शेवटचं सीनियर विजेतेपद १९३८ चं. अँट्रिम काउंटीतल्या लॉकगील क्लबाने १९८३ आणि २०१२ मध्ये तीच क्लब स्पर्धा मारली. अँट्रिमच्या नावावर सीनियर विजेतेपद अजून एकही नाही.